जुन्या सागवानी डायनिंग खुर्च्यांना नवं रूप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात सहा सागवानी खुर्च्या आहेत. आजोबांनी अंगणात सुतार बसवून त्या करून घेतल्या, तेव्हा पाटावरची पंगत नुकतीच टेबलावर आली होती. मी त्या आतापर्यंत दोनदा पॉलिश केल्या. पहिल्यांदा घाईत आणि चुकत, दुसऱ्यांदा सगळं सुटं करून, सावकाश. तेव्हापासून नात्यातले आणि शेजारचे लोक आपापल्या खुर्च्यांबद्दल विचारत असतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

खुर्ची दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे, हे कसं ओळखायचं?

खुर्ची उलटी करा. बैठकीच्या खालच्या बाजूला सहसा पॉलिश केलेलं नसतं, तिथे लाकूड आहे तसं दिसतं. पॉलिश पेपरचे दोन हात मारा. सागवान असेल तर सोनेरी तपकिरी रंग उघडा पडतो, बोटाला किंचित तेलकट लागतं आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी लाकूड गडद, जांभळट तपकिरी आणि हाताला चांगलंच जड असतं. कोकणातल्या घरांत फणसाच्या लाकडाच्या खुर्च्याही सापडतात. ताजं फणस पिवळं दिसतं आणि वर्षांनुवर्षं हवा-उजेड लागून तांबूस तपकिरी होतं.

यातलं काहीही निघालं तर खुर्ची ठेवा. हल्लीच्या दुकानातल्या रबरवुडच्या खुर्च्याही भरीव लाकडाच्याच असतात, त्यांच्यावरही काम करता येतं. भुशाच्या दाबलेल्या फळीवर कागद चिकटवलेला असेल, तर मात्र मेहनत वाया जाते. ती फळी एकदा पाण्याने फुगली की पूर्ववत होत नाही.

सगळं जुनं पॉलिश काढावंच लागतं का?

नाही, आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. पुष्कळदा खुर्ची काळी दिसते ती हाताच्या तेलामुळे, स्वयंपाकघरातल्या धुरामुळे आणि त्यावर बसलेल्या धुळीमुळे. पाठीची वरची पट्टी आणि हात जास्त काळे असतील, तर कारण हेच.

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, सुती कापड घट्ट पिळून घ्या आणि पुसा. पाणी ओतायचं नाही. खुर्ची वाळली की टर्पेंटाइन लावलेल्या कापडाने पुन्हा पुसा, म्हणजे जुनं मेण आणि तेलकटपणा निघतो. कापड किती काळं होतं ते पाहून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. आमच्या सहापैकी दोन खुर्च्यांना एवढं पुरलं. वर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन पातळ हात दिले आणि त्या बाकीच्या चौघींच्या बरोबरीने शोभू लागल्या.

आधीचं पॉलिश कोणतं आहे, हे घरी कळू शकतं का?

कळतं. सहज न दिसणाऱ्या, पण पॉलिश असलेल्या जागी स्पिरीटचा बोळा अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते चपड्याचं म्हणजे लाखेचं पॉलिश. जुन्या घरांतल्या फर्निचरवर बहुधा हेच सापडतं. स्पिरीटने काही झालं नाही तर शेजारी थिनर लावून पाहा. त्याने मऊ पडलं तर ते लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुनं तेलाचं वॉर्निश असणार. ते घासून किंवा पेंट रिमूव्हरने काढावं लागतं.

चपडा निघाला तर आनंद माना. तो स्पिरीटने विरघळतो. नवा हात जुन्या थरात मिसळून जातो आणि लाकूड उघडं न करताही दुरुस्ती होते.

खुर्चीवर जुना ऑइल पेंट आहे. घासून काढू का?

कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असण्याची खरी शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंतच असावं, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भुगा हवेत उडाला, जमिनीवर बसला आणि रांगत्या बाळाच्या हाताला लागला, तर इजा कायमची होऊ शकते. पेंट रिमूव्हर लावून, रंग ओला असतानाच पत्रीने, म्हणजे रंगाऱ्याच्या पसरट पात्याने, खरवडा. हे गॅलरीत किंवा गच्चीत करा, हातमोजे घाला, निघालेला रंग वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर काम घराबाहेर न्या. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

खुर्ची डुगडुगते, बसल्यावर करकरते. आधी पॉलिश करू की दुरुस्ती?

आधी दुरुस्ती. सुंदर पॉलिश केलेली पण डुगडुगणारी खुर्ची तिसऱ्या महिन्यात माळ्यावर जाते.

जुन्या खुर्चीत आडव्या पट्टीचं टोक जिभेसारखं कापून पायातल्या खाचेत बसवलेलं असतं. आपल्याकडे लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. चाळीस-पन्नास वर्षं असं झाल्यावर खाचेतला सरस कोरडा पडून तुटतो. लाकूड चांगलं असतं, गेलेला असतो फक्त सरस. अशा वेळी घरोघरी एकच इलाज होतो, तो म्हणजे बाहेरून खिळा ठोकणे. याने आठवडाभर बरं वाटतं. मग खिळा लाकडात हलायला लागतो, भोक रुंदावतो आणि शेवटी पट्टीची जीभ चिरते. आमच्या एका खुर्चीतून मी असे अकरा खिळे काढले.

सैल सांधा पूर्ण सुटा करा. आधी प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून आकडे लिहा. चारही पाय सारखेच दिसतात, पण हाताने घडवलेल्या खुर्चीत कोणताही पाय दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सांधा लाकडी हातोडीने, मध्ये कापड धरून, हलक्या ठोक्यांनी सोडवा. निघत नसेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर गुंडाळून ठेवा. जुना सरस प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला असतो, तो उष्णता आणि ओलीने मऊ पडतो.

मग दोन्ही बाजूंचा जुना सरस पटाशीने खरवडून लाकूड स्वच्छ करा. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच गाळली जाते. फेविकॉल लाकडाला धरतो, जुन्या सरसाच्या थराला धरत नाही. सागवानाला आणखी एक काळजी लागते. त्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही तोंडं थिनरने पुसून कोरडी करा. जीभ खाचेत सैल झाली असेल तर रंध्यातून निघालेला पातळ सागवानी पापुद्रा तिच्यावर चिकटवून जाडी भरून काढा. फेविकॉलमध्ये भुसा कालवून पोकळी भरली तर तो सांधा टिकत नाही.

सांधा आवळून धरणारा शिकंजा (क्लॅम्प) नसेल तर सुती दोरी पुरते. पायांभोवती दुहेरी दोरी बांधा, मध्ये लाटणं घालून पीळ द्या आणि लाटणं पट्टीला टेकवून अडकवा. दोरीखाली कापडाच्या घड्या ठेवा, नाहीतर कडा दबतात. खुर्ची सपाट फरशीवर उभी करून चारही पाय टेकतात ना ते फेविकॉल ओला असतानाच पाहा. नंतर २४ तास तिला हात लावायचा नाही.

एक पाय अधांतरी राहतो. बाकीचे तीन कापू का?

थांबा. बहुतेक वेळा दोष फरशीचा असतो. खुर्ची कडप्प्याच्या ओट्यावर ठेवून पाहा. तिथेही डुलत असेल तर आखूड पायाखाली तेवढ्याच जाडीचा लाकडाचा तुकडा चिकटवा. कापत बसलात तर चारही पाय कमी होत जातात. ३० इंची टेबलाला साधारण १८ इंची बैठक लागते, त्यात एक इंच कमी झाला तरी जेवताना खांदे वर येतात.

कोणता पॉलिश पेपर घ्यायचा? मशीन भाड्याने आणू का?

जाड थर काढायला ८० नंबर, मग १२०, मग १८०, शेवटी २२०. मधला नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे २२० ने जात नाहीत आणि पॉलिश चढल्यावर ते ठळक दिसतात. नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. शेवटच्या हाताआधी ओलसर कापड फिरवा. उभे राहिलेले तंतू वाळल्यावर २२० ने अलगद काढले की लाकूड रेशमासारखं लागतं.

मशीन टेबलाच्या वरच्या फळीसाठी चांगलं. खुर्चीला गोलाई, खोबणी आणि बारीक नक्षी असते, तिथे मशीन कडा खाऊन टाकतं. मी पहिल्या वेळी एका खुर्चीच्या पाठीवर मशीन फिरवलं आणि खालचा प्लायवुड दिसू लागला. पाठीला सागवानाचा व्हिनियर, म्हणजे वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा होता, हे मी तपासलंच नव्हतं. आता मी कडेची जाडी पाहतो. फळीच्या कडेवर वेगळा थर दिसला तर फक्त हाताने, १८० पासून.

मास्क लावा. सागवानाच्या भुशाने पुष्कळांना खाज आणि शिंका येतात. लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासात जाणं कर्करोगाला कारण ठरतं, हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे. घरी बोलावलेल्या कारागिरालाही मास्क द्या. तो रोज हेच काम करतो.

डाग कसे काढायचे?

गरम भांड्याचा किंवा पाण्याचा पांढरा डाग चपड्याच्या थरात अडकलेला असतो. स्पिरीटने जेमतेम ओलावलेलं कापड त्यावरून झरझर फिरवा, थांबू नका. बहुतेक डाग जातात.

काळा डाग लाकडात गेलेला असतो. लोखंडी खिळ्याजवळ, किंवा ओलं राहिलेल्या पायांवर तो हमखास दिसतो. पॉलिश काढल्यावर गरम पाण्यात विरघळवलेलं ऑक्झॅलिक ॲसिड ब्रशने लावा. फक्त डागावर लावलं तर तिथे फिकट ठिपका उरतो, म्हणून ती पूर्ण पट्टी किंवा पूर्ण पाय ओला करा. नंतर स्वच्छ पाण्याने तीनदा पुसून दोन दिवस वाळू द्या. हे विष आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि वापरलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही.

खुर्चीखाली पिठासारखा भुसा पडतो.

भुंगा लागला आहे. सागाचा गाभा त्याला सहसा बधत नाही, पण कडेचं पांढरट लाकूड तो आवडीने खातो. ती खुर्ची बाकीच्यांपासून वेगळी करा. लाकडासाठी मिळणारं कीडनाशक इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा. हे पॉलिशआधीच करायचं, कारण पॉलिश चढल्यावर लाकूड काही शोषत नाही. मग खुर्चीखाली काळा कागद पसरून महिनाभर नजर ठेवा. कागद स्वच्छ राहिला तरच भोकं बुजवा.

मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. ती जमिनीतून किंवा भिंतीतून येते, त्यामुळे एकट्या खुर्चीवर उपचार करून भागत नाही.

चपडा, मेलामाइन, पीयू, की नुसतं तेल?

मेलामाइन आणि पीयू टिकाऊ आहेत. पाणी, गरम ताट, सांडलेला रस्सा, सगळं सोसतात. रोज चार मुलं ज्या खुर्च्यांवर चढतात त्यांना पीयू द्या. दोन्हींचे वास उग्र असतात, फवारणी कारागिराकडून करून घ्यावी, आणि पुढे कधी थर खराब झाला तर थोडी दुरुस्ती जमत नाही, सगळं उतरवावं लागतं.

अळशीचं तेल, ज्याला रंगकामवाले बेलतेल म्हणतात, लाकूड खुलवतं पण संरक्षण कमी देतं. एक धोका मात्र जरूर लक्षात ठेवा: त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. चिंधी पसरून, मोकळ्या हवेत पूर्ण वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

माझी पसंती चपड्याला. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर करतात, त्यापासून तो बनतो. त्याचा रंग मधासारखा असतो आणि सागवानावर तो आतून उजळल्यासारखा दिसतो. पाणी आणि उष्णता त्याला मानवत नाही, हे खरं. पण खुर्चीवर कोणी गरम पातेलं ठेवत नाही. टेबलाला पीयू आणि खुर्च्यांना चपडा, अशी आमच्या घरची वाटणी आहे.

चपड्याचं पॉलिश घरी जमेल का?

जमेल. हे हातानेच करायचं काम आहे. अर्धा लिटर स्पिरीटमध्ये १०० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजू द्या, अधूनमधून हलवा, सकाळी जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. लोखंडी डबा नको, त्याने पॉलिश काळवंडतं. महिनोन्‌महिने साठवलेलं पॉलिश नीट वाळत नाही, चिकट राहतं, म्हणून लागेल तेवढंच करा.

कापसाचा बोळा मऊ सुती कापडात बांधा. तो पॉलिशमध्ये भिजवून दाबा, थेंब गळता कामा नये. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ हात मारा आणि त्याच जागी लगेच परत जाऊ नका, नाहीतर खालचा ओला थर ओढला जातो. अर्ध्या तासाने पुढचा हात. तीन-चार हातांनंतर ३२० चा जुना, झिजलेला पेपर अलगद फिरवा, भुसा पुसा, पुन्हा तीन हात द्या. सातव्या-आठव्या हाताला चकाकी येते आणि तिथेच थांबावं. जाड थर पुढे चिरतो.

स्पिरीट पेटतं. देवघरातला दिवा, गॅस आणि सिगारेट यांच्यापासून लांब बसा.

पावसाळ्यात केलं तर चालेल?

दुरुस्ती करा, वेत विणून घ्या, घासून ठेवा. पॉलिश नको. स्पिरीट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्या थरात अडकून दुधासारखी साय येते. माझ्या पहिल्या चार खुर्च्या जुलैमध्ये अशाच पांढुरक्या झाल्या. मुंबई-कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. विदर्भात भर मे महिन्याच्या दुपारी चपडा बोळ्याखालीच वाळतो, तिथे सकाळी लवकर बसा.

वेताची बैठक फाटली आहे. प्लायवुड ठोकू का?

कृपा करून नको. वेताची बैठक उन्हाळ्यात हवा खेळती ठेवते आणि बसणाऱ्याच्या वजनाने किंचित झुकते. तो आराम फळीत नाही.

आधी चौकट पाहा. आतल्या कडेला ओळीने भोकं असतील, तर बैठक हाताने विणलेली आहे. उभे, आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, दोन तिरपे आणि शेवटी कडेची पट्टी अशा सात टप्प्यांत ती भरते. भोकांऐवजी सलग खोबण असेल, तर तिथे तयार विणलेली जाळी दाबून वर वेताची पट्टी ठोकलेली असते. हे काम घरी करता येतं. जाळी अर्धा तास पाण्यात भिजवा, ओली असतानाच खोबणीत बसवा. वाळताना ती आकसते आणि ढोलासारखी ताणली जाते.

हाताची वीण कारागिराकडून करून घ्या. अनेक शहरांत अंध व्यक्तींच्या संस्थांमधून खुर्च्या विणून मिळतात. बोटांनी ताण ओळखून केलेली ती वीण अतिशय एकसारखी असते. पॉलिश विणण्याआधी पूर्ण करा, नाहीतर वेताला रंग लागतो. प्लॅस्टिकचा वेत गच्चीतल्या खुर्चीला ठीक, सागवानाच्या चौकटीत तो परका दिसतो.

इराणी हॉटेलात असतात तशा काळ्या, गोल पाठीच्या खुर्च्या मिळाल्या आहेत. हीच रीत चालेल?

थोडा फरक आहे. त्या घडणीचं मूळ मिखाएल थोनेट यांच्या १८५९ च्या १४ क्रमांकाच्या खुर्चीत आहे. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे दांडे वाफेवर वाकवून केलेले सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यावर ती उभी असते. ती सुट्या भागांत पेटीतून जगभर गेली. म्हणून डुगडुगली की आधी बैठकीखालचे स्क्रू आणि नट आवळा, फेविकॉल ओतू नका. बीचला कीड लवकर लागते आणि ओल सोसत नाही, तेव्हा ॲसिड आणि पाण्याचे उपाय जपून करा.

गादीची बैठक असेल तर?

खालून चार स्क्रू काढले की ती सुटी होते. जुना रेक्झिन ओढून फाडू नका, त्याच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, एकेक करून काढा. नवं कापड कापायला तो जुना रेक्झिनच नमुना होतो. ४० घनतेचा दोन इंची फोम घ्या. कमी घनतेचा फोम लवकर बसतो.

लाकडावर पांढरा किंवा रंगीत रंग देऊ का?

रबरवुड किंवा डागाळलेल्या साध्या लाकडावर जरूर द्या, घर उजळतं. सागवान आणि शिसव्यावर मी देत नाही. लाकडाच्या रेषा एकदा रंगाने भरल्या की पुढच्या पिढीला त्या पूर्ण मोकळ्या करता येत नाहीत. घरात रंग हवाच असेल तर तो गादीच्या कापडात आणा.

नंतर काळजी काय घ्यायची?

पॉलिशनंतर आठवडाभर खुर्ची वापरू नका. तोपर्यंत हाताला कोरडी लागली तरी आतून ती मऊच असते आणि कापडाचे ठसे उमटतात.

आपल्या घरांत रोज फरशी पुसली जाते आणि पायांची टोकं रोज ओली होतात. लाकडाची उघडी टोकं वातीसारखं पाणी वर ओढतात. पाय काळे पडण्याचं खरं कारण हेच, आणि पॉलिशवाले नेमकी तीच जागा सोडतात. खुर्ची उलटी करून टोकांना चपड्याचे किंवा पीयूचे चार हात द्या, मग नमद्याचे (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे) गोल तुकडे लावा. नमदा भिजत राहिला तर तोच ओल धरून ठेवतो, म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, जुने तुकडे काढून नवे चिकटवा.